गोखिवऱ्याचा गाळा आणि पोफळीची झडप

वसई पूर्वेला गोखिवऱ्याच्या औद्योगिक वसाहतींतून दुपारच्या वेळी चालत असताना वीज गेली, की एक गोष्ट कानाने टिपता येते. क्षणभर सारे शांत होते, मग एकेका गाळ्यामागचे डिझेल जनरेटर धडधडू लागतात. जनरेटर एका लयीत चालू असतो. तेवढ्यात आत कुणीतरी कॉम्प्रेसर किंवा मोल्डिंगचे मोठे यंत्र सुरू करतो. जनरेटरचा आवाज एकदम दबतो, दिवे किंचित मंदावतात, आणि दोन-तीन सेकंदांत इंजिन पुन्हा आपली मूळची लय पकडते. कुणी धावत जाऊन डिझेल वाढवलेले नसते. ते काम इंजिनावरच्या एका छोट्या यंत्रणेने केलेले असते. तिला गव्हर्नर म्हणतात. वेग घटला की इंधन वाढवायचे आणि वेग वाढला की ते कमी करायचे, एवढीच तिची कामगिरी.

महावितरणच्या तारांतून त्याच गाळ्यात वीज येते, तेव्हा हा आवाज आपल्याला ऐकू येत नाही. पण तोच खेळ तेव्हाही चालू असतो. फक्त इंजिन गाळ्यामागे नसून कोयनेच्या खोऱ्यात, चंद्रपूरला, कोराडीला आणि काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंत पसरलेले असते. सोलापूर-रायचूर या 765 किलोव्होल्ट वाहिनीद्वारे 31 डिसेंबर 2013 रोजी दक्षिणेचे जाळे उर्वरित देशाला जोडले गेले. तेव्हापासून भारतातील सारी मोठी जनित्रे अक्षरशः एका तालात फिरतात. गोखिवऱ्यातला पंखा आणि गुवाहाटीतला पंखा यांना मिळणारी वारंवारिता, म्हणजे रोजच्या बोलण्यातली फ्रिक्वेन्सी, एकच असते. ती सेकंदाला 50 आवर्तने असावी, असा दंडक आहे.

हा आकडा का जपायचा, हे समजण्यासाठी विजेचा एक स्वभाव लक्षात घ्यायला हवा. तारांच्या जाळ्यात वीज साठून राहत नाही. ज्या क्षणी जेवढी वापरली जाते, त्याच क्षणी तेवढीच निर्माण व्हावी लागते. मागणी अचानक वाढली किंवा एखादा संच बंद पडला, तर कमी पडलेली ऊर्जा येते फिरणाऱ्या यंत्रांच्या गतीतून. शेकडो टनांची टर्बाइने आणि जनित्रे फिरत असतात. त्यांच्यात साठलेली गतिज ऊर्जा सर्वप्रथम खर्ची पडते आणि ती खर्च झाली की यंत्रे मंदावतात. औष्णिक केंद्रातील दोन ध्रुवांचे जनित्र 50 आवर्तनांसाठी मिनिटाला 3000 फेरे घेते, तर 16 ध्रुवांच्या जलविद्युत यंत्राला 375 फेरे पुरतात. वेग कमी झाला की वारंवारिता त्याच प्रमाणात खाली येते. म्हणूनच वारंवारिता ही सगळ्या जाळ्याची नाडी आहे. कुणी फोन केला नाही, संदेश पाठवला नाही, तरी देशातल्या प्रत्येक वीज केंद्राला ताळेबंद बिघडल्याची वर्दी त्याच क्षणी मिळते.

ही शिल्लक मात्र फारच तुटपुंजी असते. एखाद्या मोठ्या औष्णिक संचाच्या फिरण्यातली सारी ऊर्जा काढून घेतली, तरी ती त्या संचाचा पूर्ण भार तीन ते पाच सेकंदच पेलू शकेल. म्हणजे कळव्याच्या राज्य भार प्रेषण केंद्रातील अभियंत्याने परिस्थिती ओळखून फोन उचलण्याआधीच काहीतरी घडावे लागते. ते घडवतो गव्हर्नर. औष्णिक केंद्रात तो वाफेची झडप अधिक उघडतो, जलविद्युत केंद्रात पाण्याची.

गव्हर्नर काही नवा नाही. फिरणाऱ्या दोन गोळ्यांचा गव्हर्नर जेम्स वॉटने 1788 मध्ये वाफेच्या इंजिनावर बसवला. वेग वाढला की गोळे बाहेर फेकले जात आणि वाफेची वाट अरुंद होई. असे नियामक कधी कधी स्थिर होण्याऐवजी हेलकावे का खातात, याचे गणित जेम्स क्लार्क मॅक्सवेलने 1868 मध्ये मांडले. आज गोळ्यांची जागा विद्युत संवेदकांनी आणि संगणकीय नियंत्रकांनी घेतली आहे. झडप हलवायला मात्र अजूनही दाबाखालचे तेलच लागते.

आता प्रश्न असा, की गव्हर्नरने वेग नेमका 50 वर आणून सोडावा असे का ठरवत नाहीत? गाळ्यातला एकटा जनरेटर तसे करू शकतो. पण एकाच जाळ्यावर शेकडो यंत्रे असतील आणि प्रत्येकाने ‘मीच 50 करणार’ असा हट्ट धरला, तर त्यांची आपसात ओढाताण सुरू होते. एकाला 50.01 दिसते, दुसऱ्याला 49.99, एक झडप मिटतो, दुसरा उघडतो, आणि सारा भार इकडून तिकडे झुलत राहतो. म्हणून गव्हर्नरांना मुद्दाम थोडे ‘नमते’ ठेवलेले असते. अभियंते याला ड्रूप म्हणतात. 5 टक्के ड्रूप म्हणजे वारंवारिता 5 टक्क्यांनी, अर्थात अडीच आवर्तनांनी घसरली, तर यंत्राने आपली पूर्ण क्षमता पणाला लावायची. कमी घसरली तर त्या प्रमाणात कमी. 500 मेगावॉटच्या संचाने 0.1 आवर्तनाच्या घसरणीला 20 मेगावॉट वाढवून उत्तर द्यायचे. दुप्पट मोठा संच दुप्पट देतो, लहान लहानसेच देतो. लग्नघरात पंगत वाढली की ज्याच्या हातात मोठी परात तो जास्त वाढतो, तसे हे वाटप कुणी न सांगता आपोआप होते. भारतीय ग्रिड संहितेने हा ड्रूप 3 ते 6 टक्क्यांच्या दरम्यान ठेवायला सांगितला आहे.

एक साधा हिशेब करून पाहू. समजा, जाळ्यावर दीड लाख मेगावॉट क्षमतेची यंत्रे चालू आहेत आणि सर्वांचे गव्हर्नर 5 टक्के ड्रूपने जागे आहेत. कोराडीतला 660 मेगावॉटचा एक संच बंद पडला, तर वारंवारिता जेमतेम एक शतांश आवर्तनाने हलेल. गोखिवऱ्यातच काय, कोराडीच्या गावातही कुणाला पत्ता लागणार नाही. सध्याची ग्रिड संहिता एकाच वेळी 4500 मेगावॉट निर्मिती गमावण्याचा प्रसंग गृहीत धरते. तसे झाले, तरी घसरण साधारण 0.075 आवर्तनाची. पण दीड लाखांपैकी एक-पंचमांश यंत्रांनीच प्रतिसाद दिला तर? तीच घसरण पाचपट, म्हणजे 0.375 होईल आणि काटा 49.6 च्या आसपास येईल. आणखी एक-दोन संच घाबरून बंद पडले, की खाली वाट पाहत असतात ते स्वयंचलित रिले. ते 49.4 पासून टप्प्याटप्प्याने ग्राहकांचे फिडर तोडत जातात. गव्हर्नरांनी जे काम करायचे, ते मग एखाद्या उपनगराला किंवा औद्योगिक वसाहतीला अंधारात ढकलून केले जाते.

हे ‘एक-पंचमांश’ निव्वळ कल्पनेतले नाही. आपल्या देशात कित्येक दशके बहुसंख्य वीज केंद्रांचे गव्हर्नर बसवलेले असूनही अडवून ठेवलेले असत. यात कुणाचा दुष्टावा नव्हता, हिशेब होता. वाफेच्या झडपा पूर्ण उघड्या ठेवून चालवले की औष्णिक संच अधिक कार्यक्षमतेने चालतो; पण सगळ्याच झडपा आधीच उघड्या असतील, तर अडीअडचणीला आणखी उघडायचे काय? हाताशी राखीव ठेवायची तर क्षमतेपेक्षा कमी वीज विकावी लागते. शिवाय झडप सतत हलत राहिली की बाष्पकाचा दाब डळमळतो, यंत्र झिजते. वारंवारिता सुधारल्याचा लाभ सगळ्यांना, झीज मात्र ज्याची त्याला. मग ‘बाकीचे करतीलच’ असे प्रत्येक केंद्राला वाटणे स्वाभाविक होते. गृहनिर्माण संस्थेतल्या पाण्याच्या टाकीची साफसफाई ज्यांनी कधी कुणाच्या गळ्यात घालून पाहिली आहे, त्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको.

त्याचा परिणाम म्हणजे 1990 च्या दशकात वारंवारिता संध्याकाळच्या मागणीच्या वेळी 49 च्याही खाली जाई, आणि रात्री मागणी ओसरली की काही भागांत 51 च्या पुढे. 49 वर चालणाऱ्या जाळ्यात विजेच्या तालावर चालणारे घड्याळ तासाला 72 सेकंद मागे पडते. घड्याळाचे एक वेळ सोडून देता येईल. पण मोटारींचे वेग पडतात, खुद्द वीज केंद्रातले बाष्पकाला पाणी पुरवणारे पंप मंदावतात आणि त्यामुळे निर्मिती आणखी घटते. टर्बाइनच्या शेवटच्या टप्प्यातली लांब पाती तर ठराविक वेगाबाहेर कंप पावू लागतात आणि त्यांना तडे जाऊ शकतात. म्हणूनच ठराविक मर्यादेखाली संच स्वतःला वाचवण्यासाठी जाळ्यातून बाहेर पडतो, म्हणजे नेमका गरजेच्या वेळी.

यावर पहिला खरा उपाय तांत्रिक नव्हता, आर्थिक होता. उपलब्धतेवर आधारित दरपद्धती 1 जुलै 2002 पासून देशात सर्वप्रथम पश्चिम विभागात, म्हणजे महाराष्ट्र, गुजरात, मध्य प्रदेश, छत्तीसगड आणि गोवा या परिसरात लागू झाली. ठरलेल्या वेळापत्रकाबाहेर ओढलेल्या विजेचा दर वारंवारितेला बांधला गेला. 50.5 वर तो शून्य, आणि 49.02 किंवा त्याखाली युनिटला 4 रुपये 20 पैसे. टंचाईच्या वेळी जास्त ओढणाऱ्या राज्याच्या खिशाला चटका बसू लागला आणि वारंवारिता बरीच ताळ्यावर आली. त्याच सुमारास गव्हर्नर मोकळे ठेवण्याचे आदेशही निघाले.

पण इथे एक पेच होता आणि तो प्रामाणिकपणे मांडायला हवा. वारंवारिता दिवसभर 49 ते 50.5 यांच्या दरम्यान भटकत असेल, तर मोकळा गव्हर्नर क्षणभरही स्वस्थ बसणार नाही. केंद्रांची तक्रार अगदीच खोटी नव्हती. म्हणून 2010 च्या ग्रिड संहितेत मधला मार्ग काढला गेला. 200 मेगावॉट व त्यावरील औष्णिक आणि 10 मेगावॉट व त्यावरील जलविद्युत संचांनी गव्हर्नर चालू ठेवायचे, पण वारंवारिता 50.2 च्या खाली असताना ती सुधारली म्हणून निर्मिती घटवायची नाही, आणि 0.03 आवर्तनापर्यंतच्या बारीकसारीक हेलकाव्यांकडे दुर्लक्ष करायचे. अणुऊर्जा केंद्रांना यातून सूट मिळाली. त्यामुळे आपल्याच पालघर जिल्ह्यातील तारापूरकडून अशा झटपट मदतीची अपेक्षा तेव्हाच्या नियमांत नव्हती. शेजारच्या डहाणूच्या 250 मेगावॉटच्या दोन औष्णिक संचांकडून मात्र होती. सोबत मुभेचा पट्टाही आवळत नेला गेला. आज तो 49.90 ते 50.05 इतका अरुंद आहे.

दरम्यान 2012 चा जुलै येऊन गेला. 30 जुलैच्या मध्यरात्रीनंतर उत्तर भारताचे आणि 31 जुलैच्या दुपारी उत्तर, पूर्व व ईशान्य अशा तीन विभागांचे जाळे कोसळले. दुसऱ्या दिवशीच्या अंधाराची झळ 60 कोटींहून अधिक लोकसंख्येच्या प्रदेशाला बसली. सुरुवात ग्वाल्हेर-बिना वाहिनीवरच्या अतिभाराने झाली, हे खरे. पण नंतरच्या चौकशीत एक गोष्ट पुन्हा ठळकपणे पुढे आली, ती म्हणजे केंद्रांकडून गव्हर्नरचा पुरेसा प्रतिसाद मिळत नाही. पश्चिम विभाग त्या दिवशी बचावला. उत्तरेकडे जाणारी वीज एकाएकी अडल्यामुळे इथे उलटेच संकट होते. वीज जास्त झाली आणि वारंवारिता 51 च्या पुढे उसळली. गव्हर्नरला झडप मिटताही यावी लागते, हे अशा वेळी कळते.

झडप उघडण्या-मिटण्यात सर्वांत चपळ असते ते जलविद्युत केंद्र, आणि महाराष्ट्रापुरते बोलायचे तर कोयना. निरनिराळ्या टप्प्यांची मिळून सुमारे 1960 मेगावॉट क्षमता असलेल्या या प्रकल्पाला पश्चिमेकडे वळवण्यासाठी कृष्णा पाणीवाटप लवादाने वर्षाला 67.5 टीएमसी पाणी ठरवून दिले आहे. सर्व यंत्रे अखंड पूर्ण क्षमतेने चालवली, तर एवढे पाणी दोन-तीन महिन्यांतच संपेल. म्हणून कोयना चोवीस तास चालवायची नसते. ती गरजेच्या वेळी, गरजेपुरती चालवायची असते.

पाण्याची यंत्रे चपळ असली तरी त्यांचा एक चमत्कारिक हट्ट आहे. बोगद्यातून येणाऱ्या पाण्याचा स्तंभ प्रचंड वजनाचा असतो. वीज हवी म्हणून झडप झटकन उघडली, की पाणी वेग घेईपर्यंत दाब पडतो आणि यंत्राची शक्ती आधी क्षणभर चक्क कमी होते, मग वाढते. झटकन मिटली, तर पाण्याचा धक्का नळांवर बसतो. तो झेलण्यासाठीच बोगद्याच्या शेवटी उल्लोळ विहीर असते. उसळलेले पाणी तिच्यात वर चढते आणि पुन्हा शांत होते. या स्वभावामुळे जलविद्युत गव्हर्नरला सुरुवातीची काही सेकंदे मुद्दाम अधिक ‘नमता’ करावा लागतो, नाहीतर तो स्वतःच हेलकावे निर्माण करील. पोफळीच्या जुन्या दोन टप्प्यांत पेल्टन चक्रे आहेत. पाण्याचे फवारे चक्राच्या वाट्यांवर आदळून ती फिरतात. अशा चक्रांमध्ये भार अचानक सुटला, तर पाणी थांबवण्याची घाई नसते. फवाऱ्याच्या तोंडाशी एक पाते आडवे येऊन त्याची दिशाच बदलते आणि सुई मागाहून सावकाश बंद होते. माझ्या मते यंत्रशास्त्रातल्या शहाणपणाचा याहून सुबक नमुना क्वचितच सापडेल.

अशा यंत्रांची देशव्यापी परीक्षा झाली ती 5 एप्रिल 2020 रोजी. टाळेबंदीच्या काळात रात्री नऊ वाजता नऊ मिनिटे घरातले दिवे बंद करण्याचे आवाहन पंतप्रधानांनी दोनच दिवस आधी केले होते. कारखाने बंद असल्याने मागणी आधीच उतरलेली होती. सगळे दिवे एकदम गेले आणि नऊ मिनिटांनी एकदम लागले तर जाळे टिकेल का, अशी शंका महाराष्ट्राच्या तत्कालीन ऊर्जामंत्र्यांनीही जाहीरपणे व्यक्त केली होती. राष्ट्रीय भार प्रेषण केंद्राचा अंदाज 12 ते 14 हजार मेगावॉट घट होईल असा होता. प्रत्यक्षात मागणी 31,089 मेगावॉटने घटली. तरीही वारंवारिता 49.70 ते 50.26 यांच्या दरम्यान राहिली. देशातल्या जलविद्युत केंद्रांनी त्या काही मिनिटांत आपली निर्मिती 17,543 मेगावॉटने खाली आणली आणि लगेच पुन्हा वर नेली. हे सारे गव्हर्नरांचे श्रेय नव्हे. ते संकट घड्याळ लावून आलेले होते. त्यामुळे तयारी करता आली, जलविद्युत संच आधीच वर चढवून ठेवता आले आणि नियंत्रण कक्षांतून सूचना देता आल्या.

त्याच वर्षी 12 ऑक्टोबरला मुंबईवर आलेले संकट मात्र न सांगता आले. पडघे-कळवा भागातील वाहिन्या एकामागोमाग बंद पडल्या आणि सकाळी दहाच्या सुमारास महानगराचा मोठा भाग अंधारला, उपनगरी गाड्या जागच्या जागी थांबल्या. बाहेरचे जाळे कोसळले तर मुंबईने बेटासारखे वेगळे व्हावे आणि स्वतःच्या जनित्रांवर तगून राहावे, अशी योजना अनेक वर्षांपासून होती. ती त्या दिवशी शहराला वाचवू शकली नाही. याचे गणित आपण वर पाहिलेलेच आहे, फक्त आकडे लहान करायचे. दीड लाख मेगावॉटच्या जाळ्यात 660 मेगावॉट जाणे म्हणजे किरकोळ बाब. पण दोन-अडीच हजार मेगावॉटच्या बेटावर शहरातली निर्मिती भारापेक्षा शेकडो मेगावॉटने कमी असेल, तर वारंवारिता काही सेकंदांत कोसळते आणि गव्हर्नरने झडप पूर्ण उघडली तरी मागे वाफच पुरेशी नसते. अशा वेळी भार तितक्याच वेगाने तोडला गेला, तरच बेट तरते.

गव्हर्नर घसरण थांबवतो, पण ड्रूपमुळे वारंवारिता 50 वर परत आणू शकत नाही. ती थोडी खालीच स्थिरावते. परत आणण्याचे काम दुसऱ्या फळीचे. त्यासाठी दिल्लीतून निवडक केंद्रांना दर चार सेकंदांनी ‘इतके वाढवा, इतके कमी करा’ असे संगणकीय संदेश जातात. याचा पहिला प्रयोग जानेवारी 2018 मध्ये दादरीच्या केंद्रात झाला आणि देशव्यापी यंत्रणा जानेवारी 2022 मध्ये सुरू झाली. 1 ऑक्टोबर 2023 पासून लागू झालेल्या नव्या ग्रिड संहितेने या फळ्यांच्या वेळाही आखून दिल्या. गव्हर्नरचा प्रतिसाद 30 सेकंदांत पूर्ण मिळावा आणि पाच मिनिटे टिकावा, तोवर दुसरी फळी भार उचलू लागेल. मात्र एक फरक ध्यानात घेण्याजोगा आहे. दुसऱ्या फळीच्या सेवेसाठी 2022 च्या विनियमांत मोबदल्याची तरतूद आहे. गव्हर्नरचा प्रतिसाद हे प्रत्येक केंद्राचे कर्तव्य मानले गेले आहे. कर्तव्य आणि मोबदला यांत केंद्रांचा कल कुणीकडे असतो, याचा अनुभव गेल्या काही दशकांत आपण घेतलेला आहे. त्यामुळे प्रत्येक मोठ्या घटनेनंतर कोणत्या केंद्राने किती साथ दिली याची मोजदाद व्हावी आणि ती चारचौघांत मांडली जावी, यावर भर दिला जात आहे, हे योग्यच आहे.

पुढचा प्रश्न सौर विजेचा. दुपारच्या उन्हात सौर पॅनेलांची वीज जाळ्यात शिरते, तेव्हा तितके औष्णिक संच मागे सारले जातात आणि त्यांच्याबरोबर फिरणारे वजनही. पॅनेलमध्ये फिरते काहीच नाही. त्यामुळे पहिल्या काही सेकंदांची ती तुटपुंजी शिल्लक आणखी आटते आणि वारंवारिता अधिक वेगाने घसरू शकते. बॅटऱ्या यावर उतारा ठरू शकतात. त्यांना ना वाफ लागते ना पाण्याचा स्तंभ हलवावा लागतो, त्या सेकंदाच्या अंशात उत्तर देतात. आपल्याकडे उदंचन जलविद्युत प्रकल्पही आहेत. घाटघरला 125 मेगावॉटचे दोन संच खालचे पाणी वर चढवून ठेवतात आणि गरजेला ते पुन्हा टर्बाइनवर सोडतात.

गोखिवऱ्याच्या गाळ्यातल्या मोल्डिंग यंत्राला यातले काहीच ठाऊक नसते. कळ दाबली की ते आपले दहा-वीस किलोवॉट ओढून घेते. तेवढ्याने देशाच्या वारंवारितेचा काटा दिसेल इतकाही हलत नाही. पण त्याच मिनिटाला देशभरातील लाखो कळा दाबल्या जात असतात, आणि त्यांची बेरीज पोफळीतल्या सुईपर्यंत पोहोचायला एक सेकंदही लागत नाही.